तेल तेच हाय

मानवत
२८ नोव्हेंबर १९९३

चंद्रभान,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. तू ते वाचून नाक मुरडशील म्हणून खोडलं, आणि खोडलेलं दिसू नये म्हणून कागदच बदलला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, तेव्हा हे सांगायला हरकत नाही.

पत्ता तुझ्या आईनं, बायनामावशीनंच दिला. ती मला पहिल्यांदाच चहा न विचारता बोलली. मीही ‘साखर कमी टाका’ म्हणायचं ओठांवर आलेलं गिळलं आणि निघालो. औरंगाबादेत पाट्या रंगवायच्या दुकानात लागलास म्हणे. बरं झालं. उद्या विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलंच, तर ती पाटी रंगवायचं काम तुझ्याच दुकानाला मिळो. बघ, मी अजून चेष्टाच करतोय. तू हसला नाहीस, तेही कळलं.

आपल्या येडबा गाढवाची लोक फार आठवण काढतात. दुपारचा पिक्चर मध्येच थांबला की बायका अजून ओरडतात, “आता गाढव येतंय बघा!” आणि येतं काय, तर माझी पाटी, ‘दत्त केबल, मानवत, वर्गणी वेळेवर भरा’. कोट घातलेलं, हातात नमुन्यांची पिशवी घेतलेलं गाढव, जे विकायच्या मालाबद्दल फक्त खरं बोलतं. हे तुझ्या डोक्यातून आलं होतं. मी आपला बटण दाबणारा. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा स्टुलाला बांधायचा, खाली तू एकेक चित्र ठेवायचं, मी लाल बटण दाबून लगेच सोडायचं. शंभर चित्रांचं जेमतेम अर्धं मिनिट व्हायचं. येडबा चालायचा तो हिवताप भरल्यासारखा. चित्रं उरलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर. एका बाजूला चि. आणि चि. सौ. कां., दुसऱ्या बाजूला गाढव. तू म्हणायचास, दोन्ही बाजू जुळतात.

ती ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात आठवते? “आमची गोळी घ्या, मानूस रातभर जागा ऱ्हातो. पोटात कळा येत्यात म्हनून!” माझ्या वडिलांनी टीव्हीवर टॉवेल टाकला आणि टॉवेलाखालून ऐकत बसले. आणि ज्या वैद्याच्या भिंतीवरच्या जाहिराती बघून तू ती काढलीस, तोच माझ्याकडं आला की खाली माझा पत्ता टाका. झरीचा एक खराखुरा येडबा धनगर नावावरून भांडायला आला होता, तो जाताना “माझा बी आवाज घ्या की” म्हणाला. असे दिवस होते, गड्या.

सगळ्यांत वर मात्र आश्रुबाच्या हॉटेलची. भावाशी वाटण्या झाल्या, आश्रुबानं ‘अन्नपूर्णा’ची ‘न्यू अन्नपूर्णा’ केली आणि म्हणाला, पाटी बदलल्याचं गावाला कळू द्या. तू येडबाला पाटीखाली उभा केलास. तो पाटीकडं बघतो, आपल्याकडं बघतो आणि म्हणतो, “नाव बदललं गड्यांनो, तेल तेच हाय!” मग ती काळीकुट्ट कढई, आणि त्यात पडायच्या आधीच उडी मारून पळालेलं भजं. आश्रुबा स्वतः रडेपर्यंत हसला. त्या आठवड्यात त्याची भजी पुरली नाहीत.

आता भांडणाचं. बन्सीदादानं फक्त विचारलं होतं, चंद्रभान. तो माझा सख्खा चुलत भाऊ. केबलची छत्री त्याच्या माळवदावर, गावातल्या तारा त्याच्या शब्दावर ओढलेल्या. तो नामांतराच्या विरोधात आहे हे काय मला नवीन? “तुमच्या गाढवाला त्या नावावर दोन शब्द बोलायला लावा,” एवढंच तो म्हणाला. मी तुझ्याकडं बघितलं, कारण नाही म्हणायचं काम तू करशील असं मला वाटलं. तू केलंस. मला म्हणालास, “तू बी बोल की कायतरी.” मी कॅमेऱ्याची काच पुसत होतो. तू जिना उतरून गेलास तेव्हाही पुसत होतो.

तुझी पत्रिकांची पेटी इथंच आहे. ये आणि घेऊन जा. नाहीतर ये आणि राहा.

दत्ता

*

मानवत
१९ डिसेंबर १९९३

चंद्रभान,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, “पेटी आईकडं पोचती कर. येडबा पुन्हा दाखवू नको.” अक्षर मात्र सुंदर. पाट्या रंगवून हात बसला तुझा.

पेटी अजून दिली नाही. लग्नसराई आहे, शूटिंगं आहेत, माणूस एकटा आहे. सबब वाटेल, पण रोज देईन म्हणतो आणि रोज राहतं.

परवा बन्सीदादा चार माणसं घेऊन आला. आश्रुबाची जाहिरात लाव म्हणाला. घरच्या टीव्हीवर बघायला काय हरकत, म्हणून लावली. मला एक गोष्ट तेव्हाच खटकली. ते भज्याला हसले नाहीत. भजं पळालं तेव्हा पाचही जण गप्प. ते हसले त्याच्या आधी, नुसत्या पाटीला आणि त्या वाक्याला. “पुन्हा,” दादा म्हणाला. मी टेप मागं घेतली. पुन्हा तिथंच हसले. असं त्यांनी सहा वेळा बघितलं.

मग त्यांच्यातला एक म्हणाला, “अठ्ठ्याहत्तरला कोनचं तेल व्हतं ओ दादा?”

दादा म्हणाला, “मातीचं.”

आपल्याकडं राकेलला मातीचं तेल म्हणतात, हे काय तुला सांगायला पाहिजे? अठ्ठ्याहत्तर साली याच नावावरून तुमच्या गावात तुमची घरं जाळली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. अंगावरच्या कपड्यानिशी आई तुला घेऊन मानवतला भीमनगरात आली. हे तू मला एकदाच सांगितलंस, पत्रिका कापता कापता, आणि मी काहीतरी विनोद करून विषय बदलला होता.

ते सगळे हसले. चंद्रभान, मीही हसलो. पाच माणसं हसत असली की माझं तोंड आपोआप उघडतं, हा रोग आहे मला. ते गेल्यावर मी टेप काढून कपाटात ठेवली.

पण घाबरू नको. टेप माझ्याकडं आहे, पेटी माझ्याकडं आहे. केबलवर काय दाखवायचं ते मी ठरवतो. येडबा पुन्हा दिसणार नाही, हा माझा शब्द.

दत्ता

*

मानवत
९ जानेवारी १९९४

चंद्रभान,

तुझ्या कानावर आलंच असेल. वाईट बातमीला एस.टी. लागत नाही.

होय, दाखवली. गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी दुपारी. आधी माझं ऐकून घे. मी एक अक्षर बदललेलं नाही. शब्द तुझे, आवाज तुझा, चित्र तुझं. आश्रुबाच्या भज्यांची जाहिरात आहे ती, चार महिन्यांपूर्वी अख्ख्या गावानं बघितलेली. आता नावाचा निकाल पाच-सहा दिवसांवर आला म्हणून लोकांनी तिचा भलताच अर्थ काढला, तर त्यात माझा काय दोष? दादा म्हणाला लाव, म्हणजे हॉटेलवाल्याचाच फायदा. मी लावली.

आता ते वाक्य सगळीकडं झालंय. बाजारसमितीच्या भिंतीवर चुन्यानं गाढव काढलंय, तेही धड नाही, कान बैलाचे. खाली लिहिलंय, ‘तेल तेच हाय’. कापसाच्या गाड्यांवर पोरं उभी राहून ओरडतात. जीपमध्ये टेप लावून पाथरीच्या रस्त्यानं गावोगाव वाजवतात. तुझा आवाज, चंद्रभान. भीमनगरासमोर जीप मुद्दाम हळू करतात. जीपमधलं कोणी ओरडत नाही, शिवी देत नाही. टेपवर तूच बोलतोस, बाकी सगळे गप्प बसतात. ते मला शिव्यांपेक्षा वाईट वाटतं.

तिथली माणसं मावशीला विचारायला लागली म्हणे, “तुमचा लेक तिकडचा झाला काय?” नळावर तिला कोणी पुढं होऊ देत नाही. हे मला आश्रुबानं सांगितलं. तोही घाबरलाय. त्यानं पाटी उतरवून ठेवली आहे, बिननावाचं हॉटेल चालवतो.

मला एक उपाय सुचलाय. तू एक पत्र लिहून पाठव, की हे भज्यांबद्दल होतं, नावाबद्दल नव्हतं. तुझ्या सहीचं. मी ते केबलवर दाखवतो. तुझ्या शब्दाला तुमच्यात किंमत आहे. एवढं केलंस की मिटेल सगळं.

उत्तर लगेच पाठव.

दत्ता

*

मानवत
१२ जानेवारी १९९४

चंद्रभान,

मागचं पत्र फाडून टाक. मी काय मागितलं ते पत्र टाकल्यावर मला कळलं. आग मी लावायची आणि पाणी तू आणायचं.

आज मी पेटी घेऊन भीमनगरात गेलो. दिवसाढवळ्या गेलो. प्रत्येक दारात घागरी, हंडे, बादल्या, परातीसुद्धा पाण्यानं भरून ठेवलेल्या. कोपऱ्याकोपऱ्याला वाळूचे ढीग. बायनामावशी उंबऱ्यात बसली होती. मला तहान लागली होती, म्हणून घागरीकडं हात केला.

“ह्यातलं न्हाई,” ती म्हणाली, “हे ठिवलेलं हाय.” आणि आत जाऊन माठातलं तांब्याभर आणून दिलं.

मी पेटी खाली ठेवली. तिनं एकेक पत्रिका उलटी करून बघितली. वाचता येत नाही, पण गाढव कळतं. मग मला म्हणाली, “दत्तराव, समदे म्हनायलेत की आवाज तुज्या लेकाचा हाय. हाय की. मी कशाला न्हाई म्हनू? जल्म दिलाय मी त्याला. पर मी ते आधी बघितलं व्हतं शेजारनीच्या टीवीवर. तवा ते भजं टुनकन उडी मारून पळालं व्हतं. मला लय हसू आलं व्हतं. आता मी दोन्ही दिवस बघितलं, भजं कुटंच न्हाई. येडबा तेल म्हनतो आन् बंद. कढई कुटं गेली, दत्तराव?”

भीमनगरातल्या, गावातल्या, कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं. मी म्हणालो, “मावशी, टेप खराब झाली.”

“खराब झाली व्हय,” ती म्हणाली. “बरं.” आणि पत्रिका पेटीत नीट लावायला लागली.

कढई मी काढली, चंद्रभान. एक अक्षर बदललं नाही हे खरं आहे, आणि त्या खऱ्यामागं मी चार दिवस लपलो. दादा समोर बसला होता. म्हणाला, “भजं कशाला? त्यानं मजा जाते.” दोन व्हीसीआर जोडून बारा सेकंद काढायला मला दहा मिनिटं लागली. कापताना मला माहीत होतं की कढई गेल्यावर तेल कोणतं उरतं. मला माहीत होतं, तरी केलं. छत्री त्याच्या माळवदावर आहे म्हणून केलं. नाही म्हणायची सवय नाही म्हणून केलं. तो माझ्याकडं बघून “वा रे पठ्ठ्या” म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. हेही लिहितो, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

आणखी एक आहे. या महिन्याचं रेशनचं राकेल आलंच नाही, असं बायकांना सांगून दुकानातून परत पाठवतायत. आलं होतं. ते आमच्या आखाड्यावर आहे. शेतातल्या त्या पत्र्याच्या खोलीत, जिथं आपण टरबूज खाल्लं होतं. सात डबे. काल दादानं आणून ठेवले. म्हणाला, “तुझ्या आखाड्यावर कोन बघायला येतंय? तू हसवणारा मानूस.” संक्रांतीला, परवा, नावाचं जाहीर होणार म्हणतात. डबे त्याच दिवशी सांजच्याला न्यायचे आहेत. कुठं, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. जीप कुठं हळू होते ते सगळ्या गावाला माहीत आहे.

काय करावं ते मला सुचत नाही. सुचतंय, पण धीर होत नाही.

दत्ता

*

आखाडा, मानवत
१४ जानेवारी १९९४, संक्रांत

चंद्रभान,

सकाळी आधी पोलीस जमादाराला गाठलं, चहाच्या टपरीवर. म्हणालो, आमच्या आखाड्यावर राकेल आहे, सात डबे, भीमनगर जाळायला. तो खो खो हसला. “येडबाची नवी जाहिरात व्हय? बेस्ट हाय,” म्हणाला. टपरीवरचे सगळे हसले. मी तीनदा सांगितलं. जितकं तोंड गंभीर केलं तितके जास्त हसले. आयुष्यभर जे कमावलं ते नेमकं आज असं नडलं.

मग बायनामावशीकडं गेलो. एका कागदावर लिहून, सही करून नेलं होतं. “ही जाहिरात आश्रुबाच्या भज्यांची होती. त्यातली कढई मी, दत्तराव, बन्सीधरच्या सांगण्यावरून कापली. चंद्रभानचा यात काही संबंध नाही. डबे माझ्या आखाड्यावर आहेत.” आणि मूळची, न कापलेली टेप. मावशीनं कागद हातात घेतला आणि तिथल्या मास्तरांना बोलावून विहारासमोर सगळ्यांच्या देखत मोठ्यानं वाचायला लावला. मी तिथं उभा होतो. मला वाटलं होतं, मारतील. कुणी हात लावला नाही. एका म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, “आता कशाला सांगता?” मी टेप मावशीच्या हातात दिली. एस.टी. बंद, म्हणून मास्तर दोन पोरांना सायकलवर परभणीला पाठवत होते, पोलिसांच्या मोठ्या साहेबाकडं. पण तीस किलोमीटरचा रस्ता, आणि जायचं यायचं तर दिवस मावळतो. बायका-पोरांना स्टेशनच्या बाजूला हलवायला लागलेत. मावशी जायला तयार नाही. म्हणाली, “एकदा गेले मी घर सोडून. आता पाय धरत न्हाईत.”

निघताना तिनं माझ्या हातावर तिळाचे चार दाणे आणि गुळाचा खडा ठेवला. “गोड बोला,” म्हणाली नाही. नुसताच ठेवला. मी तो खाल्ला आणि रस्त्यात रडलो. तू असतास तर त्यावरही काहीतरी बोलला असतास.

तिथून सरळ आखाड्यावर आलो. डबे एकेक करून बाहेर काढले आणि नांगरटीत ओतले. सातही. मातीचं तेल मातीत गेलं. वाटलं होतं, पटकन होईल. तोंडं बारीक होती डब्यांची, वरून घाई. अर्धं माझ्याच अंगावर सांडलं. सदरा, पायजमा, वहाणा, सगळं भिजलं. डबे परत जागच्या जागी लावून ठेवले आहेत. उचलल्याशिवाय कळायचं नाही.

शेजारच्या रानात म्हाळसाबाई धनगरणीची मेंढरं बसवली होती. वास आल्यावर ती कळप हाकायला लागली. मी तिला थांबवून तिच्याच वाघरीवर, मेंढरं कोंडायच्या जाळीवर बसून हे लिहितो आहे. ती पाथरीकडं चालली आहे, तिथल्या पोस्टाच्या पेटीत टाकीन म्हणते. मानवतच्या पेटीत टाकायला मला जायचं नाही. ती सारखी म्हणते आहे, “दत्तराव, चला की माज्यासंगं. हितं काय ठिवलंय?”

जाता येतं. मी दोनदा उठलोसुद्धा. पण मी नसलो तर दादा रिकामे डबे बघून लगेच दुसरीकडं तेल शोधायला जाईल. मी असलो तर आधी माझ्याशी बोलत बसेल, शिव्या देईल, मारील. त्यात वेळ जातो. परभणीहून कोणी यायचं असेल तर तेवढा वेळ लागेल. मला लांबण लावता येतं, चंद्रभान. आजवर तेवढंच नीट येत आलंय. तू ये. माझ्यासाठी नको, तुझी आई उंबऱ्यात बसली आहे म्हणून ये. आणि तिला घेऊन जा, नाहीतर तिच्याजवळ राहा. टेप तिच्याकडं आहे. कढईसकट दाखव ती कुठंतरी, लोकांना त्यात हसायचं काय होतं ते कळू दे.

म्हाळसाबाई पत्र मागते आहे. पाथरीच्या रस्त्यावर धूळ उठली आहे, जीप आपल्या रानाकडं वळली. दादा पुढं बसलाय, त्यानं विडी पेटवली आहे. म्हाळसाबाई म्हणते, “अहो, ते कापडं तरी काढून टाका आधी.” आता वेळ नाही.

दत्ता